ओळ मेली म्हणजे नेमकं काय झालं?

या खेपेला टपालात गंमत झाली. वेगवेगळ्या पत्रांतून एकच इंग्रजी शब्द निघाला, आणि तोही असा की तो इंग्रजी आहे हे अर्ध्या नागपूरला आठवतही नसेल. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलते आणि हा महिना 'लाइन'च्या नावावर लावते.

प्रश्न : ताई, मी त्रिमूर्ती नगरात खोली करून राहतो. स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू आहे. क्लासच्या सरांनी भाषांतराला पाच वाक्यं दिली, पाचही वाक्यांत 'लाइन'. मी असं लिहिलं :
'ही कम्स फ्रॉम अ लाँग लाइन ऑफ टीचर्स' – तो शिक्षकांच्या लांब रांगेतून येतो.
'द लाइन वेंट डेड' – ओळ मेली.
'शी फर्गॉट हर लाइन्स' – ती तिच्या रेषा विसरली.
'व्हॉट लाइन आर यू इन' – तुम्ही कोणत्या रांगेत आहात?
'ही टूक अ हार्ड लाइन' – त्याने कडक रेघ घेतली.
पाचपैकी शून्य मिळाले, वर सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. शब्दकोशात ओळ, रेघ, रेषा, रांग हे सगळं दिलेलं आहे, मग माझं चुकलं कुठे? सगळे अर्थ आणि समानार्थी शब्द एकदाचे सांगून टाका, पाठ करून टाकतो.

उत्तर : पाठ नको करू, बाबू. 'ओळ मेली' वाचून मी हसले हे कबूल करते, पण वर्गात वाचून दाखवायला नको होतं. मी 29 वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. याहून मोठ्या माणसांच्या याहून मोठ्या चुका निळ्या पेन्सिलीनं सुधारल्या आहेत, आणि एकाचंही नाव बाहेर सांगितलेलं नाही.

तुझं चुकलं ते इतकंच की शब्दकोशातली यादी तू दुकानातल्या फळीसारखी वापरलीस. हात घातला, जी बरणी आली ती घेतली. आधी हे बघ की त्या बरणीत मुळात होतं काय.

जवस होतं. खरंच, आपलं चटणीचं जवस. लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणत, आणि त्याच्या खोडातून काढलेल्या धाग्याला, दोरीला 'लिनिया'. तीच पुढे इंग्रजीत 'लाइन' झाली. वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव आजही 'लिनम युसिटाटिसिमम' आहे, म्हणजे अतिशय उपयोगी असं जवस. आपल्याकडे रब्बीत निळी फुलं येतात तेच हे पीक. आपण ते बियांसाठी पेरतो, तेल काढतो नाहीतर भाजून तिखट-मीठ-लसूण घालून कुटतो. युरोपात त्याचे उंच वाण लावून खोडं भिजवायचे, झोडपायचे आणि धागा काढायचे. त्या धाग्याचं कापड ते लिनन. हेच कापड कोटाच्या आतून लावत, म्हणून अस्तराला लायनिंग. फ्रेंचांनी त्याच धाग्यातून आणखी एक शब्द विणला, तो बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानावर पाटीत दिसतो. इथे लिहीत नाही, संपादक काटतील. आणि माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगू? जुन्या छापशाईत उकळलेलं जवसाचंच तेल असे. म्हणजे कागदावरची 'लाइन'ही जवसाची आणि ती उमटवणारी शाईही जवसाची. हे मला निवृत्तीनंतर कळलं. आधी कळलं असतं तर रात्रपाळीत त्या वासाला नाक मुरडलं नसतं.

तर 'लाइन' म्हणजे मुळात दोरा. आता दोऱ्यानं काय काय होतं ते डोळ्यासमोर आण. ताणून धरला की सरळ खूण मिळते : तिथून रेघ, रेषा. त्यात मणी ओवले की एकामागे एक बसतात : तिथून ओळ, रांग. दोन टोकांत बांधला की या टोकाचं त्या टोकाला जातं : तिथून तार, फोन, रूळ, नळाची पाइपलाइन. शेताच्या कडेनं धरला की तुझं-माझं ठरतं : तिथून हद्द, सीमा, आपल्याकडचा धुरा. आणि आजोबापासून नातवापर्यंत न तुटता आला की घराणं. सगळे अर्थ या एका दोऱ्याला लोंबकळत आहेत.

आपल्याकडेही हुबेहूब हेच झालं, फक्त दोरा कपाशीचा. संस्कृतात सूत्र म्हणजे धागा, मग मोजायची दोरी, मग नियम. ज्याच्या हाती सूत्र तो सूत्रधार, आणि त्यातूनच आला आपला सुतार. बिघडलेल्या पोराला आपण 'सुतासारखा सरळ' करतो. इंग्रज त्याला 'लाइनीत' आणतो. त्याचा दोरा जवसाचा, आपला पऱ्हाटीचा, बाकी डोकं एकच. घराचं बांधकाम चालू असेल तिथे जाऊन बघ. मिस्त्री दोन खुंट्यांना जी दोरी ताणतो तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. दोरीला दोरी जोडलेला शब्द! भिंत उभी सरळ आहे का ते बघायला वजन लटकवतो त्याला ओळंबा. इंग्रज त्यालाही 'लाइन'च म्हणतो, 'प्लंब लाइन'. आपण एका 'ओळंबा'त काम संपवलं.

आता तुझी वाक्यं. दर वेळी विचार, दोरा इथे काय करतो आहे?

पहिल्यात तो पिढ्या जोडतो आहे. 'त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी आहे.' अशा लाइनीला मराठीत नेटका शब्द आहे, वंशावळ. त्यातलं 'आवळ' म्हणजे 'आवली', म्हणजे ओळच. दिव्यांची आवली ती दीपावली, रंगांची ती रंगावली, म्हणजे रांगोळी. आपली 'ओळ' याच घरची. तेव्हा दिवाळीत अंगणात रांगोळी काढणारी बाई एकाच वेळी दोन लाइनी लावत असते.

दुसऱ्यात तो आवाज नेतो आहे. 'फोन अचानक बंद पडला.' मेलं कोणी नाही.

तिसऱ्यात नाटक आहे. छापलेल्या ओळी नटीला पाठ करायच्या असतात, म्हणून 'लाइन्स'. 'ती आपली वाक्यं विसरली.' वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकाला गेलास तर तिथे 'डायलॉग विसरली' म्हणतील, आणि तेही बरोबर आहे.

चौथ्याला भाषांतराची गरजच नाही. लग्नाच्या बोलण्यात मुलीचा मामा विचारतोच, 'पोरगा कोणत्या लाइनीत आहे?' वकिलीच्या, औषधाच्या, सोन्याच्या. परीक्षेत 'तुमचा व्यवसाय काय?' असं लिही.

पाचव्यात जमिनीवर आखलेली रेघ आहे, जिच्या मागे माणूस सरकत नाही. 'त्यांनी ताठर भूमिका घेतली.' पक्षाची 'लाइन' असते तीही हीच. मराठी वर्तमानपत्रं तिला पक्षाची भूमिका म्हणतात. रेघेला पायाचे अंगठे लावून निमूट उभं राहणं, म्हणजे 'टो द लाइन', त्याला मात्र मराठीत 'री ओढणे' छान बसतं. तिथे दोरा दिसत नाही, पण अर्थ नेमका पोचतो.

समानार्थी शब्द मागितलेस. ते समान नाहीत ही खरी अडचण आहे, आणि मला यावरच जास्त बोलायचं आहे. रेघ आणि रेषा घे. दोघी बहिणी, पण राहणी वेगळी. रेषा भूमितीत राहते, सरकारी अहवालात जाते, तळहातावर असते. दारिद्र्यरेषा, नियंत्रण रेषा, आयुष्यरेषा. 'दारिद्र्यरेघ' म्हणून बघ, तोंडात दात हलल्यासारखं वाटतं. रेघ पाटीवरची, भिंतीवरची, पोराच्या हातातल्या कोळशाची. वही दुरेघी असते, इंग्रजीच्या अक्षरासाठी चाररेघी असते. आणि पक्की गोष्ट काळ्या दगडावरची रेघच असते. तिथे रेषा ठेवली तर दगडाला तडा जाईल.

ओळ आणि रांग यांचं भांडण याहून बारीक आहे. ओळीत कोणीतरी लावतं, रांगेत स्वतः लागावं लागतं. अक्षरांची ओळ, झाडांची ओळ, बरण्यांची ओळ. रेशनच्या दुकानापुढे माणसं उभी आहेत ती रांग, कारण तिथे वाट पाहणं आहे, पुढे सरकणं आहे, मधे घुसणाऱ्याशी भांडण आहे. डोंगर मात्र हलत नसूनही रांगेत आहेत, सातपुड्याची रांग म्हणतोच आपण. भाषा नियम करते आणि मग स्वतःच मधे घुसते. माणसं रांगेत उभी राहतात, पण पंगतीत बसतात. पंगत फक्त जेवायची. बँकेत पंगत लागली म्हटलं तर व्यवस्थापक पत्रावळी शोधेल. शेतात गेलास तर ओळही नाही आणि रांगही नाही, तिथे तास : 'कपाशीत तुरीचं तास टाकलं.' इंग्रजाला या सगळ्याला मिळून एक 'लाइन' पुरते, फार तर 'रो'. अमेरिकेतला माणूस रेशनच्या रांगेलाही लाइन म्हणतो, इंग्लंडातला 'क्यू' म्हणतो, आणि त्या 'क्यू'चा मूळ अर्थ शेपूट. ते ऐकल्यापासून मला आपल्या मतदानाच्या रांगा जास्त आवडू लागल्या आहेत.

क्रिकेट राहिलं. समालोचक 'लाइन अँड लेंग्थ' म्हणतो त्याला मराठी बातमीदारांनी 'दिशा आणि टप्पा' केलं. कोणी केलं ते माहीत असतं तर पाया पडले असते.

प्रश्न : बाई, मी महाल भागात राहते. वय 68. सून पुण्याची आहे, गुणाची आहे. पण मी 'लाइन गेली' म्हटलं की ती तोंडाला पदर लावून हसते आणि नातवाला सांगते, 'आजीला म्हण, लाइट गेले.' माझं बोलणं अशुद्ध आहे का?

उत्तर : तुमचं बोलणं सुनेपेक्षा काटेकोर आहे, वहिनी. तिला हा अंक वाचायला द्या, पण चहा पाजून द्या.

'लाइट' म्हणजे प्रकाश. आता मे महिना धरा. दुपारचे दोन वाजलेत, बाहेर 45 अंशांचं ऊन आहे, कूलर एकदम घरघरून थांबला. या घटकेला घरातून प्रकाश गेला का? उलट नको इतका आहे. गेली ती तारेतली वीज. ती तारेतून, म्हणजे लाइनीतून येते. म्हणून लाइन गेली. नातवाला सांगा, आजी कारण बोलते आणि आई परिणाम बोलते. दोन्ही शब्द इंग्रजीच आहेत, तेव्हा शुद्धपणाचा मान कोणालाच नाही. तो हवाच असेल तर दोघींनी 'वीज गेली' म्हणावं, आणि कोण किती दिवस म्हणते ते मला कळवावं.

आपल्या विदर्भात या शब्दानं संसारच थाटला आहे. खांबावर चढणारा तो लाइनमन. महावितरणच्या कागदावर तो तंत्रज्ञ असतो, पण रात्री बाराला कूलर थांबल्यावर 'तंत्रज्ञाला फोन लावा' असं म्हणणारं पोट्टं मी अजून पाहिलं नाही. शेतकऱ्याकडे तर लाइनीला दिवस आणि रात्र असते. 'या आठवड्यात रात्रीची लाइन आहे' म्हणजे पंपाला वीज रात्री मिळणार, ओलिताला अंधारात जायचं, पायाखाली काय येईल याची शाश्वती नाही. एवढं सगळं त्या पाच शब्दांत आहे. तिथे 'रात्रीचे लाइट आहेत' म्हटलं तर लग्नाचा मांडव वाटेल.

प्रश्न : आम्ही काटोल रोडला राहतो. मुलीनं विचारलं, पोलीस लाइन टाकळीत कोणती लाइन आहे? सिव्हिल लाइन्समध्ये तर एकही घर ओळीत नाही. मला सांगता आलं नाही.

उत्तर : मुलगी हुशार आहे. ही लाइन तंबूंची. फौज मुक्कामाला थांबली की राहुट्या ओळीनं ठोकायची, पुढे त्यांच्या जागी सैनिकांच्या खोल्याही तशाच ओळीनं बांधल्या, आणि इंग्रजी फौजेत त्या वस्तीलाच 'लाइन्स' म्हणू लागले. जिथे शिपाई राहतात ती शिपायांची, जिथे पोलीस ती पोलिसांची. हिंदुस्थानात कंपनीचा अंमल पसरला तशी मुलकी साहेबांची वेगळी वस्ती झाली. मुलकी म्हणजे सिव्हिल, म्हणून सिव्हिल लाइन्स. तंबू गेले, ओळी गेल्या, बंगल्यांभोवती झाडं आली, नाव राहिलं. आपल्या नागपुरात सीताबर्डीची लढाई 1817 मध्ये झाली, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. इकडे महालातल्या वाड्यांची दाटी, आणि तिकडे मोकळी झाडी, रुंद रस्ते. आज तिथे विधान भवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, व्हीसीएचं जुनं क्रिकेटचं मैदान आहे. घरं ओळीत नाहीत हे मुलीचं निरीक्षण अगदी खरं. तसल्या साहेबांना ओळीत उभं करणार कोण?

पोलीस लाइनीत मात्र जुन्या चाळी अजून ओळीनं सापडतात. अनेक शहरांत.

आणखी एक लाइन तिला दाखवा, ती आता संग्रहालयात आहे. आमच्या लहानपणी दोन लाइनी होत्या, मोठी आणि छोटी. मोठीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर, छोटीच्या अडीच फुटांचं. आईचं माहेर नागभीडकडचं, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे छोटी लाइन. खिडकीतून हात बाहेर काढला की पळसाची पानं लागायची आणि मामा ओरडायचा. 2019 मध्ये नागपूर-नागभीडची ती गाडी बंद झाली, मार्ग मोठ्या लाइनीसाठी घेतला. छोट्या लाइनीची इंजिनं आता मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात उभी आहेत. मुलीला तिकडे नेताना मेट्रोनं न्या आणि बसल्या बसल्या विचारा, ऑरेंज लाइनला मराठीत काय म्हणशील? वर्तमानपत्रं 'मार्गिका' लिहितात, शब्द चांगला आहे. पण संत्र्यांच्या गावात 'संत्रा लाइन' म्हणायचं एकालाही सुचू नये, याचं मला रोज सीताबर्डीला गाडी बदलताना वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा 'डेडलाइन' ऐकतो. यात मेलेलं काय? – एक अभियंता, मिहान

उत्तर : माणसं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 च्या सुमाराला, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात भिंतीच्या आत काही अंतरावर लाकडी कठडा घातला होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घाली. त्या कठड्याचं नाव 'डेड लाइन'. पुढे छापखान्यात यंत्राच्या पाटावर एक खूण असे, तिच्या पलीकडे गेलेली अक्षरं छापली जात नसत, तिलाही हेच नाव मिळालं. मग वर्तमानपत्रांनी ते वेळेला लावलं.

आमच्याकडे डाक आवृत्ती निघायची, ती रात्रीच्या गाडीनं चंद्रपूरकडे जायची. तिच्या वेळेला कोणी डेडलाइन म्हणत नसे. फोरमन दारात उभा राहून एवढंच म्हणायचा, 'गाडी चुकते बाई.' मी आयुष्यात ऐकलेलं 'डेडलाइन'चं सर्वांत चांगलं मराठी तेच. कोशात मिळेल 'अंतिम मुदत'. तुमच्या साहेबांच्या मेलला उत्तर देताना तेच वापरा.

प्रश्न : 'लाइन मारणे' हा वाक्प्रचार सभ्य आहे का? आणि 'लाइन' की 'लाईन', ते पण सांगा. – नाव छापू नका

उत्तर : पहिल्याचं उत्तर मारणाऱ्याला विचारून उपयोग नाही, जिच्यावर मारली जाते तिला विचारा. तुम्ही नाव लपवलंत त्यावरून मला अंदाज आलाच आहे.

दुसरं. मी 29 वर्षं ह्रस्व इकारानं 'लाइन' केलं, कारण उच्चारात तो 'इ' लांबत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या निम्म्या पाट्यांवर 'लाईन्स' आहे आणि 'सिव्हील'सुद्धा दीर्घ आहे. जाता-येता माझा हात अजून पर्समधल्या निळ्या पेन्सिलीकडे जातो.